ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या पापण्या सुजतात, काळजीचं आहे का?

तुमच्या बाबांना सीएमएल (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) आहे, त्यावरची इमॅटिनिब ही गोळी चालू आहे आणि सकाळी दोन्ही डोळ्यांभोवती सूज दिसते, असं तुम्ही लिहिलंय. या गोळीने अशी सूज बऱ्याच जणांना येते. माझ्या आत्याला यायची. सकाळी चष्म्याची फ्रेम गालात रुतायची, दुपारपर्यंत ओसरायची. गोळी मनाने बंद करू नका, पुढच्या ओपीडीत नक्की सांगा.

पण एकाच डोळ्याची पापणी लाल, गरम, दुखरी झाली, ताप आला, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग डोळ्यामागे फार झपाट्याने पसरतो. परळला टाटा हॉस्पिटलला दाखवत असाल तर फाइल आणि ताजा सीबीसी (रक्तातल्या पेशींचा रिपोर्ट) घेऊन थेट कॅज्युअल्टीत जा.

अचानक धूसर दिसणं, नजरेसमोर काळे डाग येणं हेही तातडीचंच. प्लेटलेट्स खूप उतरल्या की डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो, आणि बाहेरून डोळा अगदी नॉर्मल दिसतो! बाबांना रोज एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा. आणि कृपा करून मेडिकलमधून स्टेरॉइडचे ड्रॉप्स परस्पर आणू नका.