कारखान्यातली शिकवण काउंटरवर कशी उतरवावी?

प्रश्न : नाशिकमध्ये माझी पॅथॉलॉजी लॅब असून शहरात चार कलेक्शन सेंटर आहेत. रक्त काढणारी मुले-मुली वर्ष-दीड वर्षात सोडून जातात आणि नव्याने आलेल्याला जुन्या माणसाच्या शेजारी आठवडाभर उभे करण्यापलीकडे आमच्याकडे शिकवण्याची काही पद्धत नाही. त्यामुळे दर महिन्याला काही नमुने पुन्हा घ्यावे लागतात. माझे मेहुणे सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. नवा माणूस तयार करण्याची त्यांच्याकडे ठरलेली रीत आहे, तीच तुम्ही उचला, असे ते सुचवतात. पण आमच्यापुढे येतो तो माणूस, सुटा भाग नव्हे. ही रीत इथे कितपत लागू पडेल?

उत्तर : मेहुण्यांचे म्हणणे मुळात बरोबर आहे, मात्र रीत जशीच्या तशी उचलण्याआधी ती कोणत्या अडचणीतून जन्मली हे पाहणे उपयोगाचे ठरेल, कारण ती अडचण आपल्या अडचणीच्या फार जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स जर्मनीच्या हाती पडल्यावर अमेरिकेत युद्धसाहित्याचे कारखाने वेगाने वाढवावे लागले आणि जाणत्या कारागिरांचा तुटवडा भासू लागला. त्यावर उपाय म्हणून सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची सेवा सुरू केली. तिच्यापुढे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक होते युद्धातल्या उपकरणांची भिंगे घासणारे कारागीर तयार करण्याचे, आणि असा कारागीर घडायला पाच वर्षे लागतात अशी तेव्हा सर्वांचीच समजूत होती. सेवेच्या माणसांनी त्या कारागिराचा दिवस बारकाईने पाहिला, तेव्हा त्याच्या हातून होणारी बरीच कामे इतर कोणालाही थोड्या दिवसांत शिकवता येण्याजोगी आहेत आणि खरे कौशल्य मोजक्या कामांतच आहे, असे दिसून आले. ती कामे वेगळी काढून नीट शिकवल्यावर पाच वर्षांची मुदत काही महिन्यांवर आली. सेवा 1945 मध्ये बंद झाली तोवर 17 लाखांहून अधिक लोकांनी तिचे वर्ग पूर्ण केले होते. पुढे जपानमध्ये टोयोटाने 1950 च्या दशकाच्या आरंभी याच वर्गांवर आपली शिकवण्याची रीत उभारली.

शिकवण्याच्या चार पायऱ्या मात्र त्याहून जुन्या आहेत. चार्ल्स अ‍ॅलन या शिक्षकाने पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी त्या वापरल्या होत्या. शिकणाऱ्याला निर्धास्त करून त्याला काय येते ते विचारावे, काम करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे आणि मग एकटे सोडून अधूनमधून पाहत राहावे, इतक्याच त्या आहेत. वाचताना त्या क्षुल्लक वाटतात. अवघड भाग शिकवण्याच्या आधीचा आहे आणि आपल्या लॅबमध्ये तोच राहून जातो, असे आपल्या पत्रावरून वाटते. शिकवणाऱ्याने आधी कामाचे टप्पे कागदावर मांडायचे, प्रत्येक टप्प्यापुढे त्यातली मेख लिहायची आणि मेखेपुढे तिचे कारण. ज्या बाबीवर काम साधते किंवा बिघडते, जिच्यामुळे इजा होऊ शकते किंवा जिच्यामुळे हात सोपा पडतो, तेवढीच बाब मेख म्हणून लिहायची. बाकी सारे गाळायचे.

आता आपलेच काम घेऊ. दंडाला पट्टा बांधणे हा टप्पा. तो एका मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळलेला राहू नये ही मेख. जास्त वेळ राहिला तर शिरेत रक्त साकळून काही तपासण्यांचे आकडे बदलतात, हे कारण. नळ्या भरणे हा पुढचा टप्पा, आणि इथे नळ्यांचा क्रम हीच मेख आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीतले ईडीटीए हे रसायन रक्त गोठू देत नाही, पण त्याचा अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटेच वाढलेले आणि कॅल्शियम खोटेच घटलेले दिसते. म्हणून जांभळी नळी लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीनंतर भरायची. फिकट निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिच्यातल्या द्रावाचे रक्ताशी एकास नऊ हे प्रमाण बिघडले की रक्त गोठण्याच्या तपासणीला अर्थ उरत नाही. नळी हळूच उलटसुलट करायची, झटकायची नाही. झटकल्याने पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. चिठ्ठी लावायची ती रक्त काढल्यावर, रुग्ण समोर असतानाच, आणि त्याने स्वतः नाव सांगितल्यावर. ‘तुम्ही कुलकर्णीच ना?’ असे विचारले तर घाबरलेला देशपांडेही मान डोलावतो.

हे सारे आपल्याला ठाऊकच आहे, आणि आपल्या जुन्या माणसांनाही. परंतु हाताला वळण पडलेल्या माणसाला आपण काय करतो हे सांगता येत नाही, त्यामुळे शेजारी उभा राहिलेला नवा मुलगा हालचाली पाहतो, कारणे त्याला दिसत नाहीत. गर्दीच्या सकाळी तो नळ्यांचा क्रम बदलतो, कारण त्याच्या लेखी तो क्रम म्हणजे जुन्या माणसाची सवय असते. कारण समजलेला माणूस हा क्रम सहसा मोडत नाही. करवून घेण्याची पायरीही म्हणूनच एका फेरीत संपवू नये. आधी त्याने न बोलता करावे, मग टप्पे सांगत, नंतर मेखा सांगत आणि शेवटी कारणे सांगत. सुरुवातीच्या फेऱ्या रबरी हातावर व्हाव्यात, रुग्णाच्या हातावर नव्हे, हे सांगायला नकोच.

समोर माणूस असतो, हा आपला मुद्दा मी हलका मानत नाही. कारखान्यात सुटा भाग रडत नाही, त्याला भोवळ येत नाही आणि मागच्या वेळी दोनदा सुई टोचल्याचा राग तो मनात धरून येत नाही. पण त्यामुळे सगळेच काम ‘ज्याच्या त्याच्या स्वभावावर’ सोडावे, हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. पट्टा, नळ्या, चिठ्ठी हे भाग स्वभावावर अवलंबून नाहीत. ते इतके पक्के बसावेत की तिथे विचार करावा लागू नये आणि मुलीचे सारे लक्ष समोरच्या घाबरलेल्या आजोबांकडे राहावे. उरलेल्या भागासाठी प्रसंग घेऊन बसावे. दोन प्रयत्नांत शीर सापडली नाही तर तिसरा प्रयत्न दुसऱ्याने करायचा, असे काही नियम प्रसंगातूनच ठरतात. बाकीच्या ठिकाणी आपल्या चांगल्या माणसांनी काय केले ते ऐकवणे एवढेच हाती असते.

भिंतीवर एक तक्ताही लावावा : वर नावे, डाव्या बाजूला कामे, आणि चौकटीत ते काम कधीपर्यंत शिकवायचे ती तारीख. लहान मुलाचे रक्त काढता येणारी एकच व्यक्ती चारही सेंटरमध्ये मिळून आहे, हे अशा तक्त्यावर पहिल्याच दिवशी दिसते. नाहीतर ते तिच्या राजीनाम्याच्या दिवशी कळते.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत काउंटरवरील कर्मचाऱ्यांना बोलायची ठरलेली वाक्ये लिहून दिली आहेत. सभासद म्हणतात, ‘पोपट बसवलेत का?’ प्रमाणीकरण करायचे म्हटले की असेच होणार का?

उत्तर : वाक्ये ठरवलीत म्हणून असे झाले. ठरवायची असते ती मेख. मुदतीपूर्वी ठेव मोडायला आलेल्या आजींचे उदाहरण घ्या. व्याजाचा दर कमी होऊन पावतीवर छापलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे हाती येतील, हे सही घेण्यापूर्वी सांगितले गेलेच पाहिजे. पैशांची गरज थोड्या दिवसांची आहे का, हेही विचारले पाहिजे, कारण तसे असेल तर ठेवीच्या तारणावर कर्ज घेणे त्यांना स्वस्त पडू शकते. या दोन गोष्टी कोणत्या शब्दांत बोलायच्या ते कर्मचाऱ्यावर सोपवा. कोल्हापूरच्या काउंटरवरचा माणूस कोल्हापुरीच बोलू दे. ‘मी आपली काय मदत करू शकते?’ हे वाक्य काढून टाकलेत तरी कोणाचेही नुकसान होणार नाही.

प्रश्न : एकदाच चांगला व्हिडिओ करून सगळ्यांच्या फोनवर पाठवला तर शिकवणाऱ्याचा वेळ वाचणार नाही का?

उत्तर : त्या अमेरिकी वर्गांत विजेच्या दिव्याच्या वायरला मारायची एक गाठ शिकवत असत. होल्डरच्या आत ती मारली की वायर ओढली गेली तरी ताण जोडांवर येत नाही. शिक्षक वर्गातल्या एकाला ती आधी केवळ तोंडी समजावून सांगे. त्याला जमत नसे. मग दुसऱ्याला न बोलता नुसती करून दाखवी. त्यालाही जमत नसे. मग चार पायऱ्यांनी शिकवी आणि गाठ बसे. आपला व्हिडिओ सांगणे आणि दाखवणे ही दोन्ही कामे एकदम करील, पण शिकणाऱ्याची गाठ उलटी पडली आहे हे त्याला दिसणार नाही. आठवण ताजी करण्यासाठी तो जरूर वापरा. पहिल्या दिवशी मात्र समोर माणूसच बसवा.