दर्यावरचा सिनेमा

प्रश्न : इथे बंदरावर मासळी आमची आणि लिलावात भाव दलालाचा. आम्हा कोळ्यांच्या जगण्यावर कुणी खरा सिनेमा केलाय का? – एक वाचक, हर्णै

उत्तर : दादा, केलाय, आणि तोही मिलानच्या सरदार घराण्यात जन्मलेल्या माणसाने. लुकिनो व्हिस्कोंती (१९०६–१९७६). पॅरिसला फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वारच्या हाताखाली तो सिनेमा शिकला. १९४८चा त्याचा ‘ला तेरा त्रेमा’ सिसिलीतल्या आची त्रेझा या मच्छीमार गावात घडतो. व्यावसायिक नट एकही नाही; गावकरीच आपल्या बोलीत बोलतात. इटलीतच ती बोली कळेना, म्हणून निवेदन जोडावं लागलं!

दलालांना कंटाळून तरुण न्तोनी घर गहाण टाकतो, स्वतःच्या होडीवर मासे धरतो. घरची सगळी मिळून पिंपात मासळीचे थर लावतात, वर मीठ. तेवढ्या दिवसांचा त्यांचा आनंद बघाच. मग वादळ येतं. काळ्या शाली गुंडाळून खडकांवर उभ्या राहिलेल्या बायका बघताना माझा जीव गलबलतो. होडी जाते, घरही जातं.

पुढे त्याच्याच १९६३च्या ‘इल गात्तोपार्दो’ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तोही थोरच, पण तुम्ही आधी ‘ला तेरा त्रेमा’च बघा. अडीच तासांहून मोठा आहे, तेव्हा पावसाळ्यात होड्या शाकारल्या की सवडीने, घरच्यांना घेऊन बसा.