सिएनाचा काम्पो: प्लॅन बाजूला ठेवा, आधी उतार बघा

मिलानला आर्किटेक्चर शिकताय, सेमिस्टरसाठी इटलीतल्या सिएना शहराचा मुख्य चौक, पियाझ्झा देल काम्पो, घेतलाय, मोजमापाची परवानगी अडकलीय आणि ड्रॉइंग 'सपाट वाटतं' म्हणून परत आलंय. तुमची पोस्ट वाचून माझं जुनं दुखणं वर आलं. शिंपल्याचा आकार, फरसबंदीचे नऊ भाग, ते ज्यांचं प्रतीक मानतात ती 1287 ते 1355 पर्यंतची नऊ जणांच्या मंडळाची राजवट हे तुम्हाला पाठ असणारच, ते सोडतो.

आधी परवानगी. मी मोजमापासाठी ज्या कार्यालयात अर्ज नेला तिथे कॉलेजचं पत्र मागितलं. पत्र नेलं तर शिक्का अस्पष्ट. नवा शिक्का मारून आणला तर 'हे काम आमच्याकडे येतच नाही'. नाही म्हणायचं होतं तर पहिल्याच दिवशी म्हणायचं ना! या हेलपाट्यांत जूनचा शेवट उजाडला आणि पालिओ या घोड्यांच्या शर्यतीसाठी चौकाच्या कडेने माती पसरली गेली. शर्यत 2 जुलै आणि 16 ऑगस्टला असते, पण त्याच्या काही दिवस आधीच धावपट्टी मातीखाली जाते, प्रेक्षकांसाठी लाकडी पायऱ्या उभ्या राहतात. म्हणजे मला हवी होती नेमकी ती कड गायब. तारखा बघूनच जा. आणि ट्रायपॉड लागणार नसेल तर परवानगीची वाट बघत बसू नका; वही घेऊन विटांवर बसलेल्याला तिथे कुणी उठवत नाही. (नियम बदलतात, एकदा खात्री करा. ड्रोनचा विचारसुद्धा नको.)

आता ड्रॉइंग. माझं मत जरा टोकाचं आहे, तुमच्या सरांना पटेलच असं नाही: काम्पो प्लॅनमध्ये (वरून पाहिलेल्या नकाशात) कळत नाही, सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) कळतो. तीन टेकड्यांच्या मधला हा खोलगट उतार. विटांच्या फरसबंदीतल्या ट्रॅव्हर्टाइन या फिकट दगडाच्या रेषा खाली जिथे एकवटतात तिथे, पलाझ्झो पुब्लिको या नगरसभेच्या वाड्यासमोर, पाणी जायची जाळी आहे. पावसात उभे राहा, सगळा चौक तिकडे वाहतो. नऊ राज्यकर्त्यांचं प्रतीक वगैरे ठीक, पण हे आधी ड्रेनेज आहे. पिण्याचं पाणी मात्र वरच्या बाजूला. चौदाव्या शतकाच्या मध्याला 'बोत्तिनी' या भुयारी कालव्यांतून ते फोन्ते गाया या चौकातल्या कारंज्यापर्यंत आणलं. कारंज्यावरची शिल्पं आज नक्कल आहेत. शिल्पकार याकोपो देल्ला क्वेर्चाची मूळ शिल्पं सांता मारिया देल्ला स्काला या संग्रहालयात आहेत, ती चुकवू नका. सेक्शन लाइन कारंज्यापासून पलाझ्झोच्या दारापर्यंत घ्या.

मग पलाझ्झोच्या मनोऱ्याची उंचीही उलगडते. 1338 ते 1348 मध्ये उभा राहिलेला तोर्रे देल मांजा चौकाच्या तळाशी आहे, आणि कॅथेड्रल टेकडीवर. खालून सुरुवात करून वरच्याच्या तोडीला यायचं तर उंच जावंच लागतं. पायथ्याचा संगमरवरी मंडप 1348 च्या प्लेगनंतरच्या नवसाचा, त्यामुळे तो मागाहून चिकटवल्यासारखा दिसतो. एलेव्हेशनमध्ये (दर्शनी बाजूच्या ड्रॉइंगमध्ये) तो वाड्याचाच भाग म्हणून दाखवू नका.

भोवतीची घरं एकसारखी का दिसतात, यावर तुम्ही 'मध्ययुगीन सौंदर्यदृष्टी' असं लिहिलंय. तसं नाही हो. 1297 मध्ये नियमच झाला: चौकाकडच्या खिडक्या बारीक खांबांनी विभागलेल्या हव्यात, सज्जे पुढे काढायचे नाहीत. आपल्याकडच्या बांधकाम नियमावलीसारखे डीसी रूल्स म्हणा हवं तर. पलाझ्झोचं बांधकामही त्याच सुमाराला सुरू झालं. खासगी मालकांनी आपापल्या हौसेनं काय केलं असतं ते आपल्या कुठल्याही शहरात बघून घ्या... असो. वाड्याचा दर्शनी भाग चौकाच्या बाजूने किंचित आत वळलाय, तो सरळ रेषेत काढलात तर ड्रॉइंग पुन्हा परत येईल.

वाड्याच्या आत जाऊन चित्रकार अंब्रोज्यो लोरेन्झेत्तीची 1338-39 ची भित्तिचित्रं बघा. चांगल्या राज्यातल्या शहराच्या चित्रात छतावर काम करणारे गवंडीही आहेत. रिपोर्टला प्रस्तावना म्हणून यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही.

जाता जाता: ट्रेनने गेलात तर स्टेशन खाली आहे, समोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांनी पोर्ता कामोल्लिया या शहराच्या जुन्या वेशीकडे चढा. फ्लॉरेन्सहून येत असाल तर बस गावाच्या जास्त जवळ सोडते. मनोऱ्यावर चढणार असाल तर सकाळीच जा, आणि पाऊस असेल तर वर सोडत नाहीत, तेव्हा तो वेळ जाळीपाशी उभं राहून फोटो काढण्यात घालवा.