कोल्हापुरात सुटे पार्ट जमवून स्टंट स्कूटर बांधता येईल का? उद्यमनगरात काय करून मिळेल?

तुमचा मुलगा १३ वर्षांचा, उंची ५ फूट. पायाने ढकलत चालवायच्या तयार स्टंट स्कूटरचं हँडल वाकलं, म्हणून आता डेक (उभं राहायची फळी), फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपायी भाग), चाकं वेगवेगळी मागवून बाकीचं उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या भागात, करून घ्यायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. बांधता येईल. ज्या पार्टवर उडीचा मार बसतो, तो तयारच घ्या. मापाचं बारीक काम मात्र लेथवाल्याकडून बिनधास्त करून घ्या.

काहीही मागवण्याआधी कॉम्प्रेशन कुठलं, म्हणजे फोर्क आणि हँडल एकमेकांना घट्ट कसे धरायचे, ते ठरवा. इथे दोन प्रकार बघू: एचआयसी आणि एससीएस. रंग बघून डेक, मग स्वस्त दिसलं म्हणून हँडल, असं घेत गेलं की शेवटी एकात एक बसत नाही. एचआयसी प्रकारात फोर्कची उभी नळी २८.६ मिमीची, तिच्यावर शिम (पातळ नळीसारखं वेष्टण), शिमवर ३४.९ मिमी बाहेरच्या व्यासाचं हँडल आणि बाहेरून क्लँप. या हँडलला खालच्या टोकाशी चीर लागतेच, कारण क्लँप आवळल्यावर नळी दबून शिमला घट्ट धरते. एससीएसमध्ये क्लँपच्या वरच्या अर्ध्यात हँडल आणि खालच्या अर्ध्यात फोर्क बसतो. तिथे चीर चालत नाही. पहिल्याच बांधणीला मी एचआयसी सुचवेन. वजन कमी राहतं, आणि शिम सैल निघाली तर इथे दुसरी करून घेता येते. शिमची मापं सांगून देऊ नका, फोर्क आणि हँडल दोन्ही टर्नरपुढे ठेवा. हँडलच्या आतल्या व्यासात कंपनीगणिक थोडा फरक असतो.

बाकी पार्ट: डेक ४.५ ते ५ इंच रुंद आणि २० इंचांच्या आसपास लांब, चाकं ११० मिमी, हँडल ४१३० क्रोमोलीचं (मजबूत मिश्र पोलादाचं). फोर्क आणि डेक दोन्ही ११० मिमी चाक घेतात का, ते बघा. चाक २४ मिमी रुंद की ३० मिमी, हेही जुळलं पाहिजे. हेडसेट (फोर्क ज्यात फिरतो तो बेअरिंगचा संच) बहुतेक डेकना इंटिग्रेटेड लागतो, ४१.८ मिमी बेअरिंगचा, हाताने बसणारा. तो ठोकून बसवावा लागत असेल तर माप चुकलंय, तिथेच थांबा.

चाकातली बेअरिंग ६०८ नंबरची, ८ × २२ × ७ मिमी. बेअरिंगच्या दुकानात सहज मिळतात. रबर सीलवाली (२आरएस) घ्या, आपल्याकडच्या पावसाळ्यात पत्र्याच्या झाकणातून पाणी आत जातं. दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर बरेच जण टाकतच नाहीत, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. २४ मिमीच्या चाकात तो साधारण १० मिमीचा येतो. थोडा आखूड पडला तर ॲक्सल आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जाऊन चाक जाम होतं. लांब झाला तर बेअरिंग पूर्ण बसत नाही आणि चाक डुलतं. हे काम लेथवरचंच. चाकातलं अंतर व्हर्नियरने मोजून द्या.

हँडल मुलाच्या कमरेच्या पट्ट्याच्या उंचीला आलं पाहिजे, मुलगा डेकवर उभा असताना मोजा. कापायचं तर खालून. होज क्लिप गुंडाळून तिच्या कडेने हेक्सॉ चालवा, म्हणजे काप सरळ येतो. चीर कापली गेली तर पहिल्याइतक्याच रुंदी-लांबीची पुन्हा पाडा आणि आतली धार कानसेने मारा, नाहीतर ती शिमला ओरखडते.

जोडताना क्रम असा: खालचं बेअरिंग, फोर्क, वरचं बेअरिंग, कॉम्प्रेशन रिंग, टोपी, मग शिम. आता कॉम्प्रेशन बोल्ट, म्हणजे वरून झाकणातून फोर्कच्या नळीत जाणारा बोल्ट, आवळा. हँडल अजून बसवायचं नाही! पुढचं चाक धरून हलवा. टकटक लागली तर आणखी पाव फेरा. फोर्कची नळी शिमपेक्षा वर आली असेल तर बोल्ट कितीही आवळा, प्ले (ढिलेपणा) जाणार नाही, कारण झाकण शिमला नाही तर नळीला टेकतं. तेव्हा शिमवर, नळीभोवती बसणारा एक पातळ वॉशर टाका किंवा नळी थोडी कापा. मग क्लँप घालून हँडल शिमच्या कडेपर्यंत खाली बसवा आणि क्लँपचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळला की आटे जातात.

आणि हे कळकळीने सांगतो: डेकला तडा गेला तर वेल्डिंग करून घेऊ नका. उद्यमनगरात ॲल्युमिनियमचं वेल्डिंग चांगलं होतं, प्रश्न कारागिराचा नाही. डेकच्या ६०६१-टी६ ॲल्युमिनियममधली ताकद उष्णता-प्रक्रियेतून येते, वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याच्या आजूबाजूचा पट्टा मऊ पडतो आणि पुढच्या मोठ्या उडीला तिथेच मोडतो. फोर्कही लोखंडी पट्टी वाकवून बनवून घेऊ नका. पोरगं पुढच्या चाकावर उतरतं तेव्हा सगळा भार त्या दोन पायांवर येतो.

पहिल्या तासाभराच्या चालवण्यानंतर क्लँप आणि ॲक्सल पुन्हा तपासा, पार्ट बसताना थोडे सैल होतात. ॲक्सलच्या आट्यांना निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावा. हेल्मेट पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवा.