३० दिवसांचा ग्राफ काढला की टॅब क्रॅश होतो, रॅम वाढवू का?

रॅमवर आत्ता खर्च करू नका, त्याने क्रॅश फक्त पुढे ढकलला जाईल. तुम्ही लिहिलंय की २० सेन्सर आहेत, दर सेकंदाला एक रीडिंग, वेळेनुसार रीडिंग साठवणारा डेटाबेस इन्फ्लक्सडीबी १.८, मधल्या टप्प्यात पायथनचं फ्लास्क हे वेब फ्रेमवर्क, समोर जावास्क्रिप्टचा चार्ट, एका तासाचा ग्राफ व्यवस्थित येतो पण ३० दिवस निवडले की टॅब मरतो आणि कधीकधी डेटाबेसचा कंटेनरच (डेटाबेस ज्या डॉकर डब्यात चालतो तो) रीस्टार्ट होतो. आता नुसता हिशोब करून बघा. दिवसाचे ८६,४०० सेकंद, ३० दिवसांचे २५,९२,०००, गुणिले २० म्हणजे ५ कोटी १८ लाखांच्या वर पॉइंट. एका पॉइंटला वेळेचे ८ बाइट आणि व्हॅल्यूचे ८ बाइट धरले तरी ८०० एमबीच्या पुढे जातं, जेसनमध्ये (सर्व्हर ब्राउझरला डेटा पाठवतो तो टेक्स्ट फॉरमॅट) सगळं अक्षरांत लिहिलं जातं म्हणून ते अजून फुगतं, आणि हा डेटा आधी पायथनच्या मेमरीत, मग ब्राउझरमध्ये टेक्स्ट म्हणून, मग पार्स होऊन ऑब्जेक्ट म्हणून परत एकदा बसतो. समोर स्क्रीन किती रुंद, तर १९२० पिक्सेल. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला एकेका सेन्सरचे १,३५० पॉइंट, ते कुणाला दिसणारच नाहीयेत!

पण लगेच कोड बदलायला बसू नका, आधी नक्की मरतंय कोण ते बघा. तीच क्वेरी कर्लने (कमांड लाइनवरून वेब रिक्वेस्ट पाठवणारं टूल) थेट डेटाबेसला मारा आणि उत्तर फाईलमध्ये टाका. फाईल नीट आली तर तिचा साईज बघा, ती शेकडो एमबीची असेल तर टॅब का मरतो ते तिथेच कळलं. फाईल अर्धवट तुटली तर डॉकर इन्स्पेक्ट कमांडमध्ये एक्झिट कोड बघा, १३७ म्हणजे प्रोसेसला बाहेरून किल केलंय, बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे, आणि तसं असेल तर होस्टच्या डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) आउट ऑफ मेमरीची ओळ सापडते. तुमच्याकडे टॅब आणि कंटेनर दोन्ही पडतायत म्हणजे मूळ बहुतेक क्वेरीतच आहे.

इलाज असा की डेटाबेसकडून तयार बादल्या मागायच्या, म्हणजे ठराविक वेळेच्या तुकड्यांचा सारांश, कच्चा डेटा मागायचाच नाही. ग्रुप बाय टाइम २० मिनिटांचा ठेवला तर ३० दिवसांच्या २,१६० बादल्या होतात, २० सेन्सरच्या मिळून ४३,२००, हे कुठलाही ब्राउझर आरामात काढतो. बादलीची ही लांबी कोडमध्ये फिक्स करू नका, निवडलेला कालावधी भागिले चार्टची रुंदी असं काढा, म्हणजे झूम केलं की आपोआप बारीक डेटा येईल. ग्राफाना या डॅशबोर्ड टूलमध्ये हे मॅक्स डेटा पॉइंट्स आणि इंटरव्हल व्हेरिएबलने होतं, आणि प्रोमिथियस हे मॉनिटरिंग टूल तर रेंज क्वेरीत एका सिरीजचे ११,००० पेक्षा जास्त पॉइंट मागितले की सरळ एरर देतं, मला तर ते अगदी योग्य वाटतं.

आता इथे एक गोष्ट मनापासून सांगते, नुसता मीन (सरासरी) घेऊन थांबू नका. समजा तापमान ६० डिग्री आहे आणि ५ सेकंदांसाठी ते ९५ वर गेलं. २० मिनिटांच्या बादलीत १,२०० रीडिंग, त्यांची सरासरी येणार ६०.१५ च्या आसपास. ग्राफवर सरळ रेघ, आणि ज्यासाठी सेन्सर लावला तीच घटना गायब! क्रॅश थांबला म्हणून सगळे खूश होतात आणि ग्राफ खोटं बोलतोय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून प्रत्येक बादलीचा मिन, मॅक्स आणि मीन तिन्ही मागवा, मिन-मॅक्सचा फिकट पट्टा आणि त्यावर मीनची रेघ. पॉइंट तिप्पट झाले तरी सव्वा लाखाच्या थोडं वर, काही फरक पडत नाही.

एवढं करूनही चार्ट पडला तर दोन-तीन नेहमीच्या जागा तपासा. कोडमध्ये मॅथ डॉट मॅक्सला तीन टिंबं लावून अख्खा ॲरे दिलाय का बघा, ॲरे मोठा झाला की मॅक्झिमम कॉल स्टॅक साईज एक्सीडेड येतो, तिथे साधा लूप लावा. पांडाज या पायथन लायब्ररीत रिसॅम्पल करत (वेळेच्या बादल्या बनवत) असाल तर रिकाम्या बादलीत नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) येतो, पायथन तो तसाच जेसनमध्ये लिहितो पण ब्राउझरच्या दृष्टीने ते जेसनच नाही, पार्सिंग तिथेच तुटतं, त्याऐवजी नल (रिकामी किंमत) पाठवा. पान बराच वेळ उघडं राहिल्यावरच मरत असेल तर दर रिफ्रेशला नवीन चार्ट बनतोय आणि जुना डिस्ट्रॉय होत नाहीये.

आणि टाइमस्टॅम्प. इन्फ्लक्सला डीफॉल्ट नॅनोसेकंद लागतात, १९ आकडी, जावास्क्रिप्ट मिलिसेकंदात चालते, १३ आकडी. एखाद्या स्क्रिप्टने प्रिसिजन (वेळेचं एकक) न सांगता मिलिसेकंद लिहिले तर तो पॉइंट १ जानेवारी १९७० च्या पहिल्या अर्ध्या तासात जाऊन बसतो (रिटेन्शन, म्हणजे डेटा ठेवायची मुदत, अनंत असेल तर डेटाबेस हूं की चूं करत नाही). मग ऑल टाइम निवडलं की ॲक्सिस १९७० पासून ताणला जातो, मधल्या पन्नासेक वर्षांच्या रिकाम्या बादल्यासुद्धा डीफॉल्ट फिलमुळे नल म्हणून भरून येतात, आणि सगळं आडवं. वेळेप्रमाणे चढता क्रम लावून लिमिट १ ची क्वेरी मारा, सगळ्यात जुना पॉइंट कधीचा ते लगेच दिसेल. असेल तर डिलीट करा आणि फिल नन (रिकाम्या बादल्या वगळणारा पर्याय) लावा.

कंटेनर मात्र ग्राफ न उघडताही पडत असेल तर विषय वेगळा, मग शो सिरीज कार्डिनॅलिटी चालवा, डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या सिरीज किती ते कळतं. २० सेन्सरला आकडा लाखांत आला तर कुणीतरी रिक्वेस्ट आयडीसारखी दरवेळी बदलणारी गोष्ट टॅगमध्ये (ज्यावर इंडेक्स बनतो) टाकलीय, १.८ चा डीफॉल्ट इंडेक्स सगळा रॅममध्ये राहतो, ती गोष्ट फील्डमध्ये (ज्यावर इंडेक्स बनत नाही) हलवा.

आधी कर्लवाली टेस्ट करा आणि फाईलचा साईज, एक्झिट कोड आणि ब्राउझर कन्सोलमधली पहिली लाल ओळ इथे कमेंटमध्ये टाका, मी बघते.