तीस वर्षांच्या अध्यापनाला पुरस्कार मिळेल?

प्रश्न : आमच्या समाजकार्य महाविद्यालयातील एका निवृत्त प्राध्यापिकांचे नाव कॅथरीन केंडल पुरस्कारासाठी सुचवायचे आहे. त्यांनी ३० वर्षे शिकवले. शिफारसपत्रात काय लिहावे?

उत्तर : ३० वर्षांची सेवा आदराचीच, पण एवढ्यावर शिफारस तग धरत नाही. समाजकार्य शाळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा हा पुरस्कार समाजकार्याच्या शिक्षणाला जागतिक पातळीवर पुढे नेणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचे नाव त्याला दिले आहे, त्या केंडलबाई १९७१ ते १९७८ या संघटनेच्या सरचिटणीस होत्या. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या माजी संचालक अरमायटी देसाई यांना तो मिळाला आहे.

म्हणून तुमच्या प्राध्यापिकाबाईंचे काम परदेशात कुठे पोहोचले ते शोधा. कोणत्या देशातल्या अभ्यासक्रमात त्यांचा हात होता, कोणत्या वर्षी, आणि ते आजही शिकवले जाते का? क्षेत्रकार्याची, म्हणजे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामातून शिकवण्याची, एखादी पद्धत दुसऱ्या विद्यापीठाने उचलली असेल, तर तिथल्या विभागप्रमुखांचे पत्र मागवा. आपल्याच सहकाऱ्यांच्या तीन पत्रांपेक्षा ते एक पत्र भारी ठरते. परिषदांची लांबलचक यादी मात्र नको. हजेरी म्हणजे योगदान नव्हे, आणि त्या गर्दीत खरे काम दडून जाते. बाईंची संमती आधी घ्या.