कॉक्स बाजारला निघालीस तर

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला, उत्तराला उशीर झाला, दोन दिवस लाईट नव्हती आमच्याकडे. बांगलादेशात कॉक्स बाजारला रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत पाण्या-संडासाच्या कामाला जॉइन होतेयस हे वाचून बरं वाटलं आणि थोडी काळजीपण वाटली. स्फिअरचं पुस्तक, म्हणजे संकटातल्या मदतीचे किमान निकष, पाठ केलंयस म्हणतेस, चांगलंय. माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, 250 माणसांमागे एक तोटी, 20 जणांमागे एक संडास, हे आकडे मीपण 2017 ला डोक्यात घेऊनच गेलेलो. त्याआधी मराठवाड्यात टँकरची कामं केलेली, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तो 2016 चा उन्हाळा बघितलेला, त्यामुळे वाटायचं की पाण्याचं आपल्याला आता कोण काय शिकवणार.

ऑगस्ट 2017 च्या शेवटी म्यानमारच्या राखाइनमधून रोहिंग्या लोकं यायला लागली आणि काही महिन्यांत सात लाखांच्या वर गेली. कुतुपालोंग-बालुखाली छावणीच्या त्या मातीच्या टेकड्या, झाडं तोडून उभी केलेली बांबू-ताडपत्रीची घरं, एकाला एक लागून. सगळेच घाईत, दिसेल तिथे उथळ हापसा आणि त्याच्या कुशीत संडास. आपल्याकडे ग्रामसेवकसुद्धा सांगतो खड्डा विहिरीपासून लांब ठेवा म्हणून, पुस्तकात 30 मीटर लिहिलंय, पण तिथे 30 मीटरात किती घरं बसली होती ते तू जाऊन बघच. मग व्हायचं तेच झालं, पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतला जंतू, सापडायला लागला, खड्डे काही आठवड्यांत भरले आणि उपसायला गाडी न्यायची तर रस्ताच नाही. ऑक्टोबरमध्ये कॉलऱ्याची तोंडातून द्यायची लस लाखो लोकांना दिली, कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही, पण वर्ष संपता संपता घटसर्प आलाच.

माझी चूक सांगतो, लाजायचं काय त्यात. एका उतारावर आठ संडास एका ओळीत बांधले, फोटो काढला, रिपोर्ट पाठवला, आठाला आठ पूर्ण. पंधरा दिवसांनी गेलो तर पाचांच्या पायरीवरची माती तशीच कोरडी, पाऊलच नाही. मला वाटलं लोकांना सवय नसेल (काय तो शहाणपणा!). आमच्यातली एक स्थानिक मुलगी बायकांशी बोलून आली, तेव्हा कळलं की दारं सगळी वाटेकडे, त्याच वाटेने पुरुष मशिदीत जातात, आतून कडी नाही, रात्री दिवा नाही. बायका दिवसभर पाणी कमी पीत होत्या, अंधार पडायची वाट बघत होत्या, आंघोळ घरातच कोपऱ्यात फडकं लावून. मग दारं फिरवली, कड्या लावल्या, पुढे बांबूचा आडोसा केला, सोलरचा दिवा लावला. खर्च म्हणशील तर काहीच नाही. हे बांधायच्या आधी विचारलं असतं तर? माझ्या टीममध्ये तेव्हा सगळे पुरुष होते, हे तूच बदल.

दुसरं, तोटीवर क्लोरीन चेक करून समाधान मानू नकोस. आपल्याकडे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरीन तपासायच्या थेंबांना, पिवळा रंग आला की झालं, तिथे त्याच तपासणीला डीपीडीची गोळी टाकतात, गुलाबी होतं. तोटीला लिटरमागे मस्त 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन यायचं आणि घरात गेलं की शून्य. ते लोक ॲल्युमिनियमच्या कोलशीत पाणी भरतात, आपली कळशीच ती, नावसुद्धा तेच म्हणून मला पहिल्या दिवशी गंमत वाटलेली. कळशी आतून चिकट, वर झाकण नाही, पोरं हात घालून मग बुडवतात. म्हणून टेस्टिंग घरातल्या कळशीतच कर, आणि ‘औषधाचा वास येतो’ म्हणून कोण परत हापशावर जातंय तेपण बघ.

आणि मोबाईलचा टायमर लाव. तोटीला मिनिटाला साडेसात लिटर हवं, म्हणजे 10 लिटरचा कॅन 80 सेकंदांत भरला पाहिजे. तरीसुद्धा 250 माणसांना 15 लिटर द्यायला ती तोटी आठ तासांवर सलग चालावी लागते, आता तुमचं पाणी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासच सोडत असतील तर रांगेत भांडणं होणारच, त्याला लोकांचा स्वभाव जबाबदार नाही. रांगेत पोरी उभ्या असतात, शाळेच्या वेळेला.

या लोकांवर म्यानमारमध्ये काय गुदरलं ते आपणहून विचारू नकोस. सांगितलं तर ऐक, लिहून घेऊ नकोस, फोटो तर नकोच. तुझं काम पाण्याचं.

गमबूट इथूनच ने, पावसात त्या टेकड्या साबणासारख्या होतात, दरडी पण कोसळतात. आणि पहिल्या आठवड्यात कळशीत क्लोरीन किती आलं तेवढं कळव, तोटीचा आकडा मला नको.